सर्वानुमते

आमच्या धर्मग्राम परिषदेच्या इतिवृत्ताची वही गेली काही वर्षे माझ्या ताब्यात आहे. अक्षर बरे आहे आणि निवृत्त शिक्षकाजवळ वेळ असतो, या दोन कारणांवरून हे काम माझ्याकडे चालत आले. नीरा आणि भीमा या नद्यांमधील उसाच्या पट्ट्यातले आमचे धर्मग्राम लहान आहे. कुटुंबे मोजकी, परिषदेचे सभासद अकरा. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आम्ही एक साधा ठराव केला. रविवारची सायंकाळची मिस्सा बंद करून ती सकाळी आठ वाजता ठेवावी, म्हणजे मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग तिला जोडून घेता येईल आणि धर्मगुरूंना नंतर दुसऱ्या केंद्रावर जाणे सोयीचे होईल. चर्चा दहा मिनिटेही चालली नाही. अकरा हात वर गेले. त्यांत माझाही होता. मी वहीत लिहिले, ‘ठराव सर्वानुमते मंजूर.’

नाताळच्या रात्रीची मिस्सा आटोपल्यावर एक बाई माझ्यापाशी येऊन उभी राहिली. साखर कारखान्याच्या तळावर उतरलेल्या ऊसतोड कुटुंबांपैकी ती होती. बीड-जालन्याकडची पाच-सहा ख्रिस्ती कुटुंबे दरवर्षी हंगामात आमच्याकडे येतात. तिने विचारले, “गुरुजी, ऐतवारची सांजची मिस्सा का वो बंद केली?” मी कारणे सांगितली. ती ऐकून घेत राहिली. पहाटे चारच्या आत फडात पोचावे लागणाऱ्या माणसांच्या दृष्टीने आठची मिस्सा ही असून नसल्यासारखी आहे, हे तिने सांगण्यापूर्वीच माझ्या ध्यानात यायला हवे होते. “आमाला कुनी इचारलं असतं तर सांगितलं असतं,” एवढे बोलून तिने झोपलेले पोर खांद्यावर घेतले आणि ती ट्रॅक्टरकडे निघून गेली.

त्या रात्रीपासून ‘सर्वानुमते’ हा शब्द मला सुखाने लिहिता आलेला नाही. मी खोटे लिहिले असे म्हणता येत नाही. उपस्थित सर्वांचे मत एक होते. परंतु ज्यांच्या रविवारावर त्या ठरावाचा परिणाम होणार होता, त्या सर्वांचे मत आम्ही घेतले होते काय? दुसऱ्यांच्या वतीने होकार देण्याचा अधिकार माणसाला कशाने प्राप्त होतो? आयुष्यभर मी मुलांना इतिहास शिकवला. तेव्हा साहजिकच उत्तर शोधायला मी इतिहासाकडे वळलो. तिथे जे सापडले त्याने माझी अस्वस्थता कमी केली नाही. तरीही ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

जे सर्वांना स्पर्श करते ते सर्वांनी मान्य केले पाहिजे, असे एक जुने लॅटिन सूत्र आहे. लोकप्रतिनिधींच्या राज्यपद्धतीचे मूळ सांगताना इतिहासकार या सूत्रापाशी हटकून येतात. आपल्या ख्रिस्तसभेचा याच्याशी निकटचा संबंध आहे. बाराव्या-तेराव्या शतकातील कॅनन कायद्याच्या पंडितांनी हे सूत्र उचलले. मठ, धर्मप्रांत, कॅथीड्रलचे धर्मगुरुमंडळ यांच्या कारभाराला ते लावले. आणि 1298 साली पोप आठवे बोनिफेस यांनी प्रसिद्ध केलेल्या कायदासंग्रहात नियम म्हणून त्याला स्थान मिळाले. तीन वर्षे आधी, 1295 मध्ये, इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने धर्माधिकाऱ्यांना पार्लमेंटचे बोलावणे धाडले तेव्हा पत्राचा आरंभच या सूत्राने केला होता. आज लागू असलेल्या 1983 च्या कॅनन संहितेतही, 119 व्या कलमात, प्रत्येकाला व्यक्तिशः स्पर्श करणारी बाब सर्वांनी मान्य करावी असे बंधन आहेच.

सूत्राचे मूळ मात्र राजकारणात नाही. ते रोमन कायद्यातले, सम्राट जस्टिनियनच्या संहितेतले, आणि विषय अगदी घरगुती. एखाद्या पोरक्या मुलाचे अनेक पालक नेमलेले असतील आणि ते पालकत्व संपवायचे असेल, तर एकट्यादुकट्या पालकाने ते करू नये. सर्व पालकांची संमती घ्यावी. म्हणजे ‘सर्व’ हे सर्व पालक होत. मुलाला कोणी विचारायचे नव्हते. कायद्याच्या दृष्टीने तो अज्ञान होता. हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून मी थोडा वेळ तसाच बसलो. आमच्या परिषदेत वर गेलेले अकरा हात पालकांचे होते. ती बाई आणि तिच्याबरोबरची माणसे यांना आम्ही, मनात तसे न आणताही, पाल्य ठरवून टाकले होते.

पालक कोण आणि पाल्य कोण, हा प्रश्न हातात धरून युरोपातील शहरांचा इतिहास पुन्हा वाचला तर तो निराळा दिसू लागतो. अकराव्या-बाराव्या शतकांत व्यापार वाढला, नदीकाठी, किल्ल्यांच्या पायथ्याशी आणि बिशपांच्या गादीच्या गावी वस्त्या फुगल्या. जमिनीला जखडलेला कूळ शहरात येऊन एक वर्ष आणि एक दिवस राहिला, तर त्याच्या मालकाला त्याच्यावर हक्क सांगता येत नाही, असा रिवाज अनेक शहरांत पडला. शहरवासीयांनी एकमेकांना शपथ देऊन संघ बांधले. राजाकडून, सरदाराकडून, बिशपाकडून सनदा मिळवल्या, बहुधा रोख पैसे मोजून. फ्रान्समधील लाँ या शहराची कथा आपण कॅथलिकांनी तरी विसरू नये. तेथील नागरिकांनी बिशप गोद्री याला पैसे देऊन शहराचा संघ मान्य करून घेतला. पुढे बिशपाने राजाकडून तो रद्द करविला. 1112 सालच्या एप्रिलमध्ये शहर पेटले. बिशप तळघरातील पिंपात लपला होता. जमावाने त्याला ओढून काढून ठार मारले. गिबेर नावाच्या मठाधिपतीने ही हकिकत लिहून ठेवली आहे. त्याला नागरिकांच्या संघाची शिसारी होती, पण बिशपाबद्दलही त्याला फारसा आदर नव्हता. ज्या ख्रिस्तसभेने वरचे सूत्र जतन केले, तिच्याच एका अधिकाऱ्याने ते पायदळी तुडवले, हे दोन्ही खरे आहे.

सनदा मिळाल्यावर शहरांना राजदरबारी बोलावणे येऊ लागले. स्पेनमधील लेओनच्या राज्यात 1188 साली नवव्या अल्फोन्सोने भरवलेल्या सभेत शहरांचे निवडलेले नागरिक होते. इंग्लंडात सायमन द माँटफर्ट याने 1265 च्या सभेला शहरांकडून प्रतिनिधी मागवले. एडवर्डच्या काळापासून या प्रतिनिधींना आपल्या शहराचे पूर्ण मुखत्यारपत्र घेऊन येण्याची अट असे. त्यांनी दिलेला होकार सगळ्या शहराला बांधून टाकील, ही त्यामागची राजाची गरज होती. राजाला कर हवा होता. विचारले जाण्याचा हक्क पुष्कळदा असा वसुलीच्या दाराने घरात आला आहे.

आणि तरी सायमन द माँटफर्टचे नाव मी वर्गात घेत असे तेव्हा मला अडखळायला होई. सामान्य नागरिकाला सभेत बसवणारा म्हणून पाठ्यपुस्तके त्याला गौरवतात. याच गृहस्थाने तारुण्यात, 1231 साली, आपल्या लेस्टर शहरातून यहुद्यांना हाकलून दिले होते. शहरांचे दरवाजे उघडले ते काहींसाठी. शहरात हाडे झिजवणारे मजूर, मोलकरणी, धंदा शिकणारी पोरे यांच्या नावाने शहराचा प्रतिनिधी बोलत असे. त्यांच्याशी बोलत असे किंवा नाही, हे कोणी पाहत नव्हते.

आपल्याकडे काय होते? मराठी मुलुखात कसबे होते, पेठा होत्या. पेठ वसवायची तर सरकारातून कौल मिळे, नव्या वसणाऱ्यांना काही वर्षे करांत सूट असे, आणि बाजाराच्या कारभारात शेटे-महाजनांचा मान असे. इंदापूर हा परगण्याचा कसबा. मालोजीराजे भोसल्यांचे नाव त्याच्याशी जोडलेले. सुपे, पुणे, इंदापूर, चाकण ही शहाजीराजांच्या जहागिरीतली ठाणी. बारामती पेशवाईत बाबूजी नाईक जोश्यांच्या वाड्याच्या छायेत वाढली. मोरोपंतांसारखा कवी त्यांच्या आश्रयाला राहिला आणि 1794 मध्ये त्याच गावी वारला. कऱ्हेकाठच्या त्या वाड्यावरून जाताना मला नेहमी वाटते की आपल्या गावांना उदार धनी पुष्कळ लाभले. धनी उदार असला म्हणजे सनद मागण्याची निकड भासत नाही.

मात्र विचारविनिमयाची रीत आपल्याकडे नव्हती असे कोणी म्हणेल तर ते अज्ञान होय. वतनाचा, सीमेचा, मानपानाचा तंटा निघाला की गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन आणि बलुतेदार जमत. पुरावा ऐकला जाई. आणि निवाड्याचा महजर लिहून त्यावर प्रत्येक जण आपली निशाणी करी. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, तशाच सुताराच्या, लोहाराच्या, चांभाराच्या हत्याराच्या खुणा. खाली महाराचीही निशाणी असे. शिवेच्या वादात तर महाराच्या साक्षीला मोठे वजन होते. शीव त्याच्या पायाखालची. कागदावर पाहिले तर ‘सर्व’ या शब्दाचा इतका भरगच्च अर्थ मध्ययुगीन लंडनमध्येही सापडणार नाही. परंतु निशाणी करून झाल्यावर महार गावकुसाबाहेर परतत असे, आणि गावकुसाबाहेर कोणी राहायचे हा प्रश्न कोणत्याही गोतसभेपुढे चर्चेला येत नव्हता. तो ठरलेला होता. बायकांची गोष्ट तर बोलायलाच नको.

मग इंग्रज आले, आणि इंदापूरचे नाव हिंदुस्थानच्या महसुली इतिहासात कायमचे लिहिले गेले. पूर्वी गावाची जमाबंदी ठरताना पाटील गावाच्या वतीने घासाघीस करी. पाऊस कमी झाला, गुरे मेली, असे सांगून सूट मागे. पाटील स्वतःचे साधून घेत असे, हे उघड आहे. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने ही सौदेबाजी मोडून शास्त्रशुद्ध आकारणी करायचे ठरवले. लंडनचा अर्थशास्त्रज्ञ रिकार्डो याचा खंडाचा सिद्धांत त्याने 1830 च्या सुमारास इंदापूरच्या माळरानाला लावला. हिशेब काटेकोर दिसत होता, पण मोजणी सदोष आणि सारा डोईजड निघाला. कुळे जमिनी टाकून गेली. मग 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातच नवी मोजणी करून, शेतागणिक दर बांधून, तीस वर्षांचा करार केला. मुंबई इलाख्याच्या रयतवारीचा नमुना तो हाच.

या व्यवस्थेची बाजू घेऊन पुष्कळ बोलता येईल. दर हलके होते. प्रत्येक शेतकऱ्याचे नाव, शेत आणि आकार सरकारी वहीत स्वतंत्र लिहिला गेला. पाटलाच्या मर्जीवर त्याचे भाग्य राहिले नाही. गावाच्या गठ्ठ्यातून माणूस सुटा झाला, ही लहान गोष्ट नव्हे. पण तो सुटा झाला तेव्हा एकटाही पडला. तीस वर्षे संपली आणि 1867 मध्ये इंदापुरात फेरआकारणी झाली. या मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते आणि 1865 मध्ये युद्ध संपताच कोसळू लागले होते. सारा मात्र चढ्या काळाकडे पाहून बराच वाढवला गेला. ही वाढ सोसवेल काय, असे विचारायला आता गोतसभा नव्हती, घासाघीस करणारा पाटील नव्हता, आणि पार्लमेंट होते ते हजारो मैलांवर, दुसऱ्यांचे. शेतकऱ्यापुढे एकच माणूस उरला: सावकार. त्याच्याकडेही वही होतीच.

12 मे 1875 रोजी सुप्यात जे घडले ते शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलेले असते. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. गुजर-मारवाडी सावकारांची वस्ती असलेली मोठी बाजारपेठ. आसपासच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. लूट झाली, जाळपोळ झाली. पण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेल्या त्या दंग्याचा रोख प्रामुख्याने कागदांवर होता. खते आणि रोखे मिळवायचे आणि जाळायचे. इंग्लंडमध्ये 1381 च्या उठावात शेतकऱ्यांनी जहागीरदारांची दप्तरे अशीच जाळली होती. पाच शतकांचे आणि दोन खंडांचे अंतर असताना दोन्हीकडच्या अक्षरशत्रू माणसांनी एकच वस्तू हेरली. त्यांच्याविषयी जे लिहिले जात होते, ते त्यांना न विचारता लिहिले जात होते आणि त्यावर त्यांचे अंगठे मात्र होते. सावकारांच्या घरांतही बायकापोरे होती, ती भेदरली, काहींची घरे राहिली नाहीत. हे सांगितल्याशिवाय सुप्याची गोष्ट पुरी होत नाही. सरकारने आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. विचारपूस झाली, पण राखेच्या ढिगानंतर.

त्याच वर्षांत पुण्यात एक विलक्षण प्रयोग चालला होता. 1870 मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचा नियम असा की सभासद व्हायचे तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. आरंभीच्या पंच्याण्णव सभासदांमागे सुमारे 6000 लोकांच्या सह्या होत्या. एडवर्डने शहरांकडे मागितलेले मुखत्यारपत्र आणि गणेश वासुदेव जोश्यांनी पुण्यात मागितलेले मुखत्यारपत्र यांत सहाशे वर्षांचे अंतर आहे, पण दोन्ही वकिलीच्या कल्पनेवर उभी आहेत. फरक हा की तिथे ते राजाने मागितले आणि इथे कोणीही न मागता लोकांनी स्वतः लिहून दिले. सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी केली, साऱ्याविरुद्ध अर्ज केले, 1875 मध्ये तर ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानचे प्रतिनिधी घ्यावेत असा अर्जही पाठवला. तरीही जोतीराव फुल्यांनी या सभेला धारेवर धरले. नाव सार्वजनिक, पण तीत शेतकरी, महार, मांग आहेत कोठे, हा त्यांच्या टीकेचा आशय होता. सभेच्या पुढाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, असे मला वाटते. फुल्यांचा प्रश्नही तितकाच खरा वाटतो. पालक सज्जन असल्याने पाल्य मोठा होत नाही.

याहून नेमक्या शब्दांत ही गोष्ट मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. 1919 साली मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष देताना ते सत्तावीस वर्षांचे होते. लोकांची मते सभागृहात मांडली गेली म्हणजे प्रतिनिधित्व पुरे होत नाही, ते लोक स्वतः तिथे असले पाहिजेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. एखाद्या दयाळू मनुष्याने अस्पृश्यांचे गाऱ्हाणे अचूक मांडले, तरी अस्पृश्य तिथे गाऱ्हाण्याचा विषय म्हणूनच राहतो. महजरावरच्या निशाणीत आणि सभागृहातल्या खुर्चीत जे अंतर आहे ते हे.

आता आपल्या दोन गावांकडे येऊ. बारामती आणि इंदापूर या दोन्ही ठिकाणी 1865 मध्ये नगरपालिका आल्या, म्हणजे सुप्याच्या दंग्याआधी दहा वर्षे. ज्या 1850 च्या कायद्याखाली त्या काळी नगरपालिका होत, त्यात गावकऱ्यांची इच्छा दिसली तर नगरपालिका द्यावी असे शब्द होते. प्रत्यक्षात सभासद सरकार नेमी. लॉर्ड रिपनच्या 1882 च्या ठरावानंतर, 1884 च्या कायद्याने निवडणूक येऊ लागली, आणि मत कर भरणाऱ्यांपुरते. सर्व प्रौढांना मत मिळायला प्रजासत्ताक यावे लागले. स्त्रियांसाठी राखीव जागा महाराष्ट्रात 1990 मध्ये आल्या, त्या 2011 मध्ये निम्म्यावर गेल्या. इतक्या पायऱ्या चढून आलेली संस्था किती सहज रिकामी होते, तेही आपण पाहिले: 2022 पासून राज्यातल्या बहुसंख्य नगरपालिका निवडणुकांअभावी प्रशासकांच्या हाती राहिल्या आणि मतदान व्हायला 2025 ची अखेर उजाडली. एवढ्या काळात नळाला पाणी आले, रस्ते झाडले गेले. फार कोणाचे अडले नाही, हेच मला काळजीचे वाटते.

या भागातले खरे नवे नगर मात्र नगरपालिकेने घडवले नाही. ते पाण्याने आणि उसाने घडवले. 1885 च्या सुमारास नीरेचा डावा कालवा आला, माळ हिरवे झाले, आणि स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. युरोपातल्या कारागीर-व्यापाऱ्यांच्या संघांशी या कारखान्यांची तुलना मला अगदी चपखल वाटते. एकेकट्याने जो बाजारात नागवला गेला असता, त्या शेतकऱ्याला सभासदत्वाने बळ दिले. शेअर कितीही असोत, मत एकच. वार्षिक सभेत साधा सभासद उठून अध्यक्षांना उसाचा भाव विचारतो, तेव्हा मला लेओनच्या सभेतले नागरिक आठवतात. सुप्याच्या दंगेखोरांची नातवंडे-पतवंडे हिशेबाच्या वहीची मालक झाली. हे थोर काम आहे.

आणि जो ऊस तोडतो त्याला या सभेत जागा नाही. फ्लॉरेन्स शहरात लोकर पिंजणाऱ्या मजुरांची अशीच स्थिती होती. लोकरव्यापाऱ्यांच्या संघाचा शिक्षेचा अधिकार त्यांच्यावर चाले, पण संघात त्यांना प्रवेश नव्हता आणि स्वतःचा संघ काढायला मनाई होती. 1378 च्या जुलैमध्ये ते उठले. त्यांची मागणी शहर जाळण्याची नव्हती, शहराच्या कारभारात घ्या अशी होती. काही आठवडे त्यांचा संघ टिकला, मग मोडून काढला गेला, आणि मोडणाऱ्यांत इतर छोटे कारागीर संघही होते, जे स्वतः नुकतेच आत शिरलेले. दार आपल्यामागे लावून घेण्याची घाई नुकत्याच आत आलेल्यालाच अधिक असते, हे मी आमच्या परिषदेतही पाहिले आहे. माझे वडील गावकुसाबाहेर वाढले होते.

ऊसतोड मजुराचा व्यवहार मुकादमाशी असतो. हंगामाआधी उचल घ्यायची, ती तोडीतून फेडायची, एक दिवस चुकला तर खाडा मांडला जायचा. आजारी पोर, माहेरचे मरण, रविवार, सगळे खाड्यातच. नवराबायकोची जोडी मिळून हिशेबात ‘एक कोयता’. मतदार यादीत त्यांचे नाव दूरच्या गावी, आणि नोव्हेंबरात निवडणूक आली तर ती माणसे इकडच्या फडात. म्हणजे ज्या गावात मत आहे तिथे ती राहत नाहीत आणि जिथे अर्धे वर्ष राहतात तिथे त्यांना मत नाही. एक वर्ष आणि एक दिवस शहरात राहिलेला कूळ मोकळा होत असे. हे लोक सहा महिन्यांनी परत जातात. त्यांचा एक वर्ष आणि एक दिवस कधी पुराच होत नाही.

माझ्या एका मित्राने हे सारे ऐकून आक्षेप घेतला. तो म्हणाला, “असे प्रत्येकाला विचारत बसलात तर एक ठराव व्हायचा नाही. मिस्सेची वेळ ती काय, आणि तू पार्लमेंटपर्यंत गेलास!” त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. कॅनन संहितेप्रमाणे आमची परिषद केवळ सल्ला देणारी, निर्णय धर्मगुरूंचा. संत बेनेडिक्ट यांनीही आपल्या नियमात मठाधिपतीला सर्व बंधूंना बोलावून विचारायला सांगितले ते महत्त्वाच्या बाबतीत; किरकोळ बाबींसाठी ज्येष्ठांचा सल्ला पुरे मानला. पण त्याच ठिकाणी त्यांनी सर्वांना बोलावण्याचे कारण दिले आहे, की प्रभू पुष्कळदा वयाने लहान असलेल्याला अधिक चांगले सुचवतो. मग बाब किरकोळ की महत्त्वाची, हे कोण ठरवणार? आम्हा अकरांना मिस्सेची वेळ किरकोळ होती, कारण आम्हाला आठही चालत होते आणि सातही. जिचा रविवारच त्या वेळेवर लटकत होता, तिला ती किरकोळ नव्हती. दुसऱ्यांच्या वतीने बोलावेच लागते, त्याशिवाय जग चालत नाही, हे मी मान्य करतो. निदान ज्यांच्या वतीने बोललो त्यांना आधी भेटलो होतो काय, एवढा प्रश्न प्रत्येक मुखत्याराला लागू होतो, आणि त्या पावसाळ्यात मी भेटलो नव्हतो. पावसाळ्यात ते इथे नव्हतेच, ही सबब मला सुचली होती. ठराव पुढे ढकलता आला असता, हे उत्तरही लगेच सुचले.

यंदा टोळ्या उतरल्या तेव्हा वही घेऊन मी तळावर गेलो. धर्मगुरूंना सांगून गेलो होतो. संध्याकाळ होती, कोप्यांपुढे चुली पेटल्या होत्या, बैल बांधलेले होते. आपली माणसे शोधून सर्वांना एका कोपीपुढे बसवले आणि मिस्सेची वेळ विचारली. एकमत झाले नाही. दोघे म्हणाले रात्री आठ. एक म्हणाला गाडी कारखान्यावर खाली व्हायला कधी रात्रीचे बारा वाजतात, आमच्यासाठी वेळ ठरवूच नका. एक म्हातारा म्हणाला, “तुमी हितले, तुमचं तुमी ठरवा. आमी काय, आज हाय उद्या न्हाई.” त्याच्यावर बाकीचे रागावले. बाईने, त्याच बाईने, विचारले की फादर महिन्यातून एकदा इथेच तळावर आले तर चालेल का. हे आम्हा अकरांपैकी कोणाच्याही डोक्यात आले नव्हते.

मी लिहीत होतो. उपस्थिती म्हणून मी वहीत ‘सहा कोयते’ असे टिपले. तळावर सगळे तसेच मोजतात, माझ्याही तोंडी तेच बसले होते. तिला वाचता येत नव्हते, म्हणून तिने मला लिहिलेले मोठ्याने वाचायला सांगितले. मी वाचले.

“बारा लिवा, गुरुजी,” ती म्हणाली. “आन् ही पोरं येगळी.”

मी ती ओळ खोडली आणि एकेकाचे नाव विचारून पुन्हा लिहायला घेतले. पाच मुलांची नावेही घेतली. अंधार पडल्यामुळे शेवटची काही अक्षरे वाकडीतिकडी आली आहेत. परिषदेची पुढची बैठक जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आहे. त्या दिवशी ते पान वाचून दाखवायचे आहे, आणि बैठक सकाळी न घेता रात्री घ्यावी असे मी धर्मगुरूंना सुचवले आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही.